नियमांच्या मसुद्यावर हरकत पाठवायची आहे, मागच्या वेळी उशिरा पोचली (बडोदा)

वर्दीवाली_ताई

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं वाचून मग सांगा.

मी बडोद्यात शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. इथे आम्ही त्याला वर्दी म्हणतो. मांजलपूरच्या बाजूची मुलं आहेत माझ्याकडे, काहींची मोठी भावंडंसुद्धा माझ्याच गाडीतून शाळेत गेली.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या वाहनांबद्दल राज्याच्या एका खात्याने नियमांचा मसुदा काढला होता. खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा प्रश्न एका खात्यापुरता नाही. त्यात एक अट अशी होती की प्रत्येक वाहनात चालकाशिवाय एक महिला मदतनीस असलीच पाहिजे. मोठ्या बसला ती अट शंभर टक्के हवी. पण माझी छोटी व्हॅन, आणि चालवणारी मीच बाई. मदतनीस बसवली तर तिचा पगार द्यायचा, वर एका मुलाची जागा जायची. त्या जागेचे पैसे म्हणजे माझा गाडीच्या गॅसचा महिन्याचा खर्च.

मसुदा आलाय हे मला कळलं तेव्हा हरकत द्यायच्या ३० दिवसांच्या मुदतीतले २५ दिवस संपले होते. शाळेच्या फाटकाशी दुसऱ्या व्हॅनवाल्याने मोबाइलवर दाखवलं. दोन रात्री बसून मी मराठीत लिहिलं, मुलीने त्याचं गुजराती केलं, आणि २७ व्या दिवशी रावपुऱ्याच्या हेड पोस्टातून रजिस्टर केलं. पावती अजून माझ्याकडे आहे. पत्र तिकडे पोचलं ३२ व्या दिवशी. मधे एक रविवार आणि एक सणाची सुट्टी आली. महिन्याभराने फोन केला तर उत्तर मिळालं, ‘बेन, मुदत पछी मळ्युं छे.’ म्हणजे मुदतीनंतर मिळालं, म्हणून विचारातच घेतलं नाही. मी म्हटलं, पावतीवर तारीख बघा ना. तिकडून फोन ठेवला गेला.

तो मसुदा तेव्हा मागे पडला. आता सुधारलेला मसुदा पुन्हा आलाय, ती अट जशीच्या तशी आहे. आज ९ वा दिवस. या वेळी मला चूक करायची नाही. कुठे पाठवायचं, कुठल्या भाषेत लिहायचं, काय लिहिलं की ते वाचतात? ज्यांनी अशी हरकत कधी दिली आहे त्यांनी कृपया लिहा.

कारेलीबागकर

ताई, तुमची तळमळ कळते, पण खरं तेच लिहितो. आमच्या सोसायटीची जमीन टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, आली तेव्हा आम्ही अठ्ठावीस घरांनी वांधाअर्ज, म्हणजे हरकतीचे अर्ज, दिले. सुनावणी झाली, साहेबांनी नीट ऐकून घेतलं, चहासुद्धा दिला. रस्ता जिथे आखला होता तिथेच राहिला. मला वाटतं ठरलेलं आधीच असतं, मुदत नुसती द्यायची म्हणून देतात. तुम्ही गाडी चालवा, संसार बघा. मनाला लावून घेऊ नका.

जुना_सेक्शन_अधिकारी

कारेलीबागकर, तुमचा अनुभव खोटा म्हणणार नाही, पण टीपी स्कीम आणि नियमांचा मसुदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीपी स्कीम १९७६ च्या नगररचना कायद्याखाली चालते. तिथे मसुदा योजना प्रसिद्ध झाल्यापासून एक महिन्यात बाधित माणसाने लेखी हरकत द्यायची असते, आणि प्रश्न तुमच्या अंतिम खंडाचा (म्हणजे योजनेत शेवटी वाट्याला येणाऱ्या जमिनीचा), रस्त्याचा, भरपाईचा असतो. ताईंचा विषय सगळ्या राज्याला लागू होणाऱ्या नियमाचा आहे. तिथे एका वाक्यात चार शब्द वाढले तरी हजारो लोकांचं काम होतं.

मी गांधीनगरला सचिवालयात नोकरी केली, अशा फायली माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. म्हणून आत काय होतं ते सांगतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम २१२ बघा. या कायद्याखालचा नियम ‘पूर्वप्रसिद्धी’ करूनच करायचा, अशी तिथे अट आहे. म्हणजे आधी मसुदा राजपत्रात, मग मुदत, मग विचार, मग अंतिम नियम. ही पूर्वप्रसिद्धी कशी करायची ते जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे सगळ्या कायद्यांना लागू पडणाऱ्या सर्वसाधारण तरतुदींच्या कायद्यात, आहे. केंद्राचा १८९७ चा, त्याचं कलम २३. राज्याच्या कायद्यांसाठी मुंबईचा १९०४ चा, जो गुजरातने पुढे आपला म्हणून चालू ठेवला. दोन्हींचं म्हणणं सारखंच. मसुद्याबरोबर एक नोटीस काढायची, तीत एक तारीख द्यायची, आणि त्या तारखेआधी मिळालेल्या हरकती-सूचना सरकारने विचारात घ्यायच्याच.

ताई, तुमचं पत्र पडलं ते या एका शब्दावर. कायद्यात ‘मिळालेल्या’ असं आहे, ‘पाठवलेल्या’ असं नाही. पोस्टाची पावती तुम्ही कधी पाठवलं ते सांगते, कार्यालयाचा आवक शिक्का त्यांना कधी मिळालं ते सांगतो. फोनवर तुमच्याशी जसं बोलले ते चुकीचंच, पण मुदतीचा हिशोब त्यांचा बरोबर होता.

शिवाय मुदत तुम्ही वाचल्या दिवसापासून मोजत नाहीत, राजपत्रात प्रसिद्ध झाल्या तारखेपासून मोजतात. राजपत्राच्या असाधारण अंकाच्या पहिल्या पानावर ती तारीख असते. तीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. वर्तमानपत्रातली बातमी कधीकधी आठवड्याने येते, तोवर सात दिवस गेलेले असतात.

आता हरकत पोचल्यावर काय होतं? सेक्शनमध्ये एक तक्ता तयार करतात. पहिल्या रकान्यात अनुक्रम, दुसऱ्यात नाव-गाव, तिसऱ्यात कुठल्या नियमाबद्दल, चौथ्यात हरकत थोडक्यात, पाचव्यात खात्याचा अभिप्राय. तुमचं पाच पानी पत्र असलं तरी वर जाताना त्याच्या तीन ओळी होतात. त्या तीन ओळी कारकुनाने कराव्यात की तुम्ही स्वतःच करून द्याव्यात, ते तुम्ही ठरवा. ज्या पत्रात नियमाचा क्रमांक नसतो त्याचा तिसरा रकाना ‘सामान्य’ असा भरतात, आणि ‘सामान्य’ च्या पुढे अभिप्राय ठरलेला: ‘नोंद घेतली.’ असे शेकडो अभिप्राय मी माझ्या हाताने लिहिले आहेत, आणि त्यातल्या काहींचं मला आज वाईट वाटतं, कारण तक्रार खरी होती, नुसती कुठल्या वाक्याबद्दल आहे ते त्या माणसाला सांगता आलं नव्हतं.

मांडवीची_मीरा

काका, तुमचा प्रतिसाद छापून घरात लावून ठेवावा असा आहे.

माझा प्रश्न भाषेचा. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं. गुजराती मी दिवसभर बोलते, बाजार त्यातच करते, पण जाहीरनाम्याचं गुजराती वाचायला घेतलं की तिसऱ्या ओळीला अडखळते. आपल्या बडोद्यात माझ्यासारख्या पुष्कळ बायका आहेत, विशेषतः पन्नाशीच्या पुढच्या. त्या हरकत कशी देणार? मराठीत दिली तर घेतील का?

सुरसागरचा_वकील

मीराताई, देता येते. राज्यघटनेचं कलम ३५०: आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कुठल्याही अधिकाऱ्याकडे निवेदन देताना संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेली कुठलीही भाषा वापरायचा प्रत्येकाला हक्क आहे. मराठी त्यात बसते. शिवाय गुजरातच्या १९६० च्या राजभाषा कायद्यात गुजरातीबरोबर हिंदीही आहे, देवनागरीत.

नोटिशीच्या भाषेवरून आपल्या शेजारच्या गोध्र्याचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि तो आल्याचा होता. चहात घालतो ते आलं. बाजार समितीच्या १९६३ च्या कायद्याखाली आल्याचा समावेश नियंत्रित मालात केला, पण ती अधिसूचना गुजराती वर्तमानपत्रात गुजरातीत छापायची राहून गेली. परवान्याशिवाय आलं घेतलं म्हणून एका व्यापाऱ्यावर खटला भरला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राजपत्रात छापणं पुरेसं नाही, गुजराती वर्तमानपत्रात गुजरातीत प्रसिद्ध करणं बंधनकारकच होतं, कारण ज्याच्यावर बंधन घालायचं त्याला ते कळलं पाहिजे. व्यापारी सुटला.

पण याच्या आधीचा रामपूरचा पाणीपट्टीचा खटलाही लक्षात ठेवा. तिथे कायद्यात हिंदी वर्तमानपत्र लिहिलं होतं आणि नगरपालिकेने छापलं उर्दूत. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटलं की प्रसिद्धी बंधनकारक आहे, पण ती याच वर्तमानपत्रात हवी ही पद्धत तितकी कडक नाही, लोकांना पुरेसं कळलं होतं. तेव्हा एका निकालावर विसंबू नका. प्रत्येक कायद्यातले शब्द वेगळे असतात.

जुना_सेक्शन_अधिकारी

वकीलसाहेबांचं कलम ३५० बरोबर आहे. मराठी पत्र कुणी परत करू शकत नाही. पण वर म्हटलेला तक्ता गुजरातीत होतो. तुमचं मराठी वाचून त्याच्या तीन गुजराती ओळी करणाऱ्याला मराठी किती येतं याची खात्री कोण देणार? माझा आग्रह असा की मूळ पत्र मराठीत लिहा, कारण मनातलं त्यातच नीट उतरतं, आणि सोबत गुजराती जोडा. ताईंनी मागच्या वेळी अर्धं हेच केलं होतं.

मांडवीची_मीरा

हे पटत नाही मला, काका. हक्क आहे तर वापरला पाहिजे. दर वेळी आपणच भाषांतर करून दिलं तर मराठी पत्र वाचायची सवय तिकडे लागणार कधी?

जुना_सेक्शन_अधिकारी

तुमचं म्हणणं तत्त्वाने बरोबर आहे. पण ताईंच्या हातात २१ दिवस आहेत.

शास्त्रीबुवा_वाडी

मधेच बोलतो. सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानाचं राजपत्र ‘आज्ञापत्रिका’ या नावाने निघायचं. आणि १९३१ मध्ये संस्थानाने राज्यकारभारातल्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ छापला. एका इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगालीत काय म्हणतात ते शेजारी शेजारी. म्हणजे कारभाराची भाषा रयतेला कळली पाहिजे हा विचार या शहराला नवा नाही. मीराताईंचा आग्रह मला त्या परंपरेतला वाटतो.

पुण्याची_सासुरवाशीण

माहेर बडोदं, म्हणून धागा उघडला. आमच्याकडे याला ‘हरकती व सूचना’ म्हणतात, तिकडचं ‘वांधा-सूचन’ वाचून बाबांची आठवण आली. मराठीत वांधे होतात, गुजरातीत वांधा घेतात, बाबा नेहमी सांगायचे.

एक सुचवू? एकच मजकूर तयार करा आणि सगळ्या वर्दीवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, नाव बदलून सगळ्यांनी पाठवायचा. पाचशे पत्रं गेली की दखल घ्यावीच लागेल.

जुना_सेक्शन_अधिकारी

पाचशे एकसारख्या पत्रांची तक्त्यात एक ओळ होते, शेवटी ‘एकूण ५००’ असं लिहितात. ते वाया जातं असं नाही. आकडा वरपर्यंत जातो, आणि सचिव आकडा बघतात. पण पन्नास पत्रं वेगवेगळ्या अडचणी सांगणारी आली तर त्या पन्नास ओळी होतात, आणि प्रत्येकीपुढे कुणाला तरी उत्तर लिहावं लागतं. दोन्ही करा, पण आधी स्वतःची अडचण स्वतःच्या शब्दांत.

पहिलीतल्या_मुलाची_आई

मला इथे वेगळं बोलायचं आहे, आणि वर्दीवाली ताईंनी मन मोठं करून ऐकावं.

माझा मुलगा पहिलीत आहे, व्हॅननेच जातो. व्हॅन समोरच्या बाजूला थांबते. चालकबाई फार चांगल्या आहेत, उतरून हात धरून त्याला रस्ता पार करवतात. पण तेवढा वेळ गाडीत पाच-सहा मुलं एकटी असतात, इंजिन चालू. एकदा मी गॅलरीतून बघितलं, मागच्या सीटवरचा मुलगा पुढे येऊन स्टिअरिंगला लोंबकळत होता. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच हरणी तलावात बोट उलटून शाळेची मुलं गेली, ते आपण कोणी विसरलेलो नाही. त्यामुळे ‘बाई चालवते म्हणून मदतनीस नको’ हे मला मान्य नाही. मी माझी सूचना अट राहू द्या अशीच पाठवणार आहे.

वर्दीवाली_ताई

मन दुखावलं नाही हो. उलट रात्रभर तुमचंच वाचत होते.

खरं सांगते, मीही रस्ता पार करवते. इंजिन मी बंद करते, पण किल्ली कधीकधी तशीच राहते. तुम्ही लिहिलंत ते माझ्या गाडीत झालं नाही, पण होऊ शकलं असतं. हरणीचं आठवलं की आजही माझे हात गार पडतात. त्या दिवशी रात्री बारापर्यंत माझ्या गाडीतल्या मुलांच्या आयांचे फोन येत होते.

तेव्हा मी माझी सूचना बदलते आहे. आधी मी लिहिलं होतं: ‘आम्ही गरीब माणसं आहोत. हा नियम अन्याय करणारा आहे. तो मागे घ्यावा ही नम्र विनंती.’ काका, हे तुमच्या ‘सामान्य’ रकान्यातच गेलं असतं ना?

आता असं लिहिलं आहे. वर मसुद्यातला नियम क्रमांक, पोटनियम क्रमांक आणि ते वाक्य अवतरणात. खाली:

‘सूचना: या वाक्याच्या शेवटी पुढील शब्द घालावेत. “मात्र चालकासह सात आसनांपर्यंतच्या वाहनाची चालक महिला असेल, आणि प्रत्येक मूल त्याच्या घराच्याच बाजूला पालकाच्या हाती सोपवले जात असेल, तर ही अट लागू होणार नाही, अशा वाहनाने थांबताना इंजिन बंद करून किल्ली काढणे बंधनकारक राहील.”

कारण: मदतनिसाचा मुख्य उपयोग मुलाला रस्ता पार करवताना आणि त्या वेळी गाडीतल्या बाकीच्या मुलांवर लक्ष ठेवताना होतो. मूल घराच्याच बाजूला उतरवले तर चालकाला गाडी सोडून जावे लागत नाही. लहान वाहनात मदतनिसाची सक्ती केल्यास एक जागा कमी होते, फी वाढते, आणि पालक मुलांना जास्त मुले कोंबणाऱ्या स्वस्त रिक्षेत पाठवतात.’

शेवटचं वाक्य मी फाटकाशी रोज बघते, म्हणून लिहिलं.

पहिलीतल्या_मुलाची_आई

किल्ली काढण्याचं घातलंत, बरं वाटलं. तरी मी माझी सूचना पाठवणारच, पण आता त्यात ‘निदान रस्ता पार करावा लागतो तिथे मदतनीस हवीच’ असं लिहीन. म्हणजे आपली दोघींची पत्रं एकमेकींना तोडणार नाहीत.

सुरसागरचा_वकील

ताई, मजकूर उत्तम. पत्रावर तारीख, पूर्ण पत्ता, सही, आणि मसुद्याच्या अधिसूचनेचा क्रमांक विसरू नका.

अजून एक. अंतिम नियम राजपत्रात ‘पूर्वप्रसिद्धीनंतर केले’ असं म्हणत छापले गेले की ते रीतसर झाले याचा तो निर्णायक पुरावा धरतात. मग ‘माझं पत्र वाचलंच नाही’ म्हणून कोर्टात जाणं फार अवघड होतं. जे करायचं ते मुदतीतच. आणि नियम आल्यावर माहिती अधिकारात तो तक्ता आणि त्यावरच्या टिपणांच्या प्रती मागा. गुजरातमध्ये अर्जाची फी २० रुपये आहे. आपल्या ओळीपुढे काय अभिप्राय लिहिला ते वाचायला मिळतं. त्याच कायद्याचं कलम ४(१)(ग) सांगतं की लोकांवर परिणाम करणारं महत्त्वाचं धोरण ठरवताना त्यासंबंधीची सगळी माहिती सरकारने आपण होऊन प्रसिद्ध करायची.

मकरपुरा_शिफ्ट

आम्हा कारखान्यातल्या लोकांनाही हे लागू होतं का? २०१९ च्या वेतन संहितेचे राज्याचे नियम वगैरे?

सुरसागरचा_वकील

हो. त्या संहितेतही नियम पूर्वप्रसिद्धी करूनच करायचे असं लिहिलं आहे. पण सगळ्या कायद्यांत ती अट नसते, आणि काहींत सरकारला घाईचं कारण देऊन ती बाजूला ठेवता येते. म्हणून आधी मूळ कायद्यात नियम करण्याचा अधिकार देणारं कलम वाचायचं. ते बहुधा शेवटी असतं.

कारेलीबागकर

मी पहिल्यांदा जे लिहिलं ते थोडं घाईचं होतं. आमचे अठ्ठावीस अर्ज काल कपाटातून काढले. सगळ्यांवर एकच मजकूर, आणि रस्ता दुसरीकडे कुठून न्यावा हे एकाही अर्जात नाही. ताई, तुम्ही गांधीनगरला जाणार असाल तर सांगा. मुलगा दर मंगळवारी गाडी घेऊन जातो.

वर्दीवाली_ताई

जाऊन आले. आज १४ वा दिवस.

या वेळी पोस्टावर सोडायचं नाही असं ठरवलं होतं. रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळून गेलं. सकाळची वर्दी मैत्रिणीने सांभाळली. कारेलीबागकर भाऊंच्या मुलाने नवीन सचिवालयाच्या फाटकाशी सोडलं. खिडकीवर आधार कार्ड दाखवून प्रवेशपास काढला. तीन प्रती नेल्या होत्या: एक त्यांना, एक शिक्का मारून घ्यायला, आणि एक जास्तीची.

आवक टेबलावर एक तरुण मुलगी होती. तिने आधी गुजराती पान बघितलं, मग खालचं मराठी पान, आणि विचारलं, ‘आ पण लेवानुं छे?’ म्हणजे हेही घ्यायचं का? मी म्हटलं, हो, मूळ तेच आहे. मीराताई, तुमचं नाव मनात घेऊन म्हटलं. तिने दोन्ही पानांवर शिक्का मारला, आवक क्रमांक हाताने लिहिला, तारीख टाकली आणि एक प्रत मला परत दिली. शाई ओली होती, म्हणून बसथांब्यापर्यंत ती हातातच धरून चालले. येताना एसटीने आले, दुपारची शाळा सुटायच्या आत फाटकाशी हजर होते.

१६ दिवस बाकी आहेत. फाटकावरच्या आणखी चौघी बायका वर्दी करतात, त्यातल्या दोघींना लिहायचं आहे पण कुठून सुरुवात करायची कळत नाही. रविवारी चार वाजता माझ्या घरी बसतोय. मसुद्याच्या दोन छापील प्रती आहेत. पहिलीतल्या मुलाच्या आई, तुम्हीसुद्धा या, तुमचं पत्रही तिथेच गुजरातीत करू. मुलगी करून देईल.